तळाची आमटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी नको ते सगळं सांगत आलो आहे. आज का सांगतोय, ते विचारू नका. मलाच नीटसं ठाऊक नाही. एखादी गोष्ट लपवायची म्हणजे ती रोज सांभाळावी लागते हो, आणि आता सांभाळायचा कंटाळा आला, एवढंच म्हणा.

कुठून सुरू करू? आमटीपासूनच करतो. आमच्या घरी चिंचेची आमटी होत नाही. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात बायकोनं केली होती, तेव्हा मी वाटी बाजूला सरकवली. मला चिंच सोसत नाही अशी तिची समजूत झाली, आणि तेव्हापासून ती आमसूल घालते. चिंच मला उत्तम सोसते. पण एकदा गप्प बसलं की पुढे बोलायला जागाच राहत नाही, हे तुम्हालाही कधीतरी कळलं असेल.

मी मूळचा बेळगावकडचा. आमचा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि आमच्यासारख्या कित्येकांची सरकारी नोकरी थेट बेंगळुरात येऊन पडली. चामराजपेटेत एक खोली घेतली. कचेरीत खर्डेघाशी करायची, संध्याकाळी परत यायचं, आणि मग जेवायचं कुठे? पहिले काही महिने मी हॉटेलातच जेवलो. इडली-दोसे झकास, कॉफी तर विचारूच नका — पण रोजच्या भाताचं काय? सांबार सकाळी तेच, रात्री तेच. चव वाईट होती असं नाही म्हणणार. ते कुणासाठी म्हणून केलेलं नसायचं, इतकंच. जेवून उठलं की पोट भरलेलं असायचं आणि जेवल्यासारखं वाटायचं नाही.

मग तुंगक्का सापडल्या.

आमच्याच गल्लीच्या टोकाला त्यांचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांमागे या मुलखात आलेलं; मराठी बोलत, पण त्यात कानडी इतकं मुरलेलं की पहिल्या दिवशी मी चक्रावलो. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. आम्हा आठ-दहा सडेफटिंग कारकुनांना त्या दोन वेळा जेवायला घालत, आणि त्यावरच त्यांचं चाले. वयानं आमच्या आईएवढ्या, तरी आम्हा सगळ्यांना ‘अण्णा’ म्हणत. “स्वल्प थांबा अण्णा, भात उतरवते,” म्हणत आणि खरोखर स्वल्पच थांबायला लावत.

त्यांची आमटी कशी व्हायची, ते मी बघितलंय. मसाला म्हणून डब्यातला कधी घातला नाही. रोज सकाळी धणे, चण्याची डाळ, मेथीचे चार दाणे, लाल मिरच्या असं एकेक वेगळं भाजायच्या — एकत्र भाजलं की कुणीतरी कच्चं राहतं, म्हणायच्या. मग ओलं खोबरं घालून ते पाट्यावर वाटायच्या. चिंच आधीच भिजत घातलेली. पितळेच्या मोठ्या पातेल्यात डाळ-शेवग्याच्या शेंगा उकळायला लागल्या की तो वाटलेला गोळा आत जायचा, आणि गल्लीत शिरतानाच आम्हाला कळायचं की आज उशीर करून चालणार नाही. आणि हे सगळं चव न घेता बरं का. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय जिभेला लावायचं नाही, हा त्यांचा नेम. मीठ अंदाजानं. तो अंदाज चुकलेला मला आठवत नाही.

असं घरचं, ताजं, मायेनं केलेलं जेवण दोन वेळा मिळत असताना माणसानं बाहेर कशाला जावं? मीही स्वतःला तेच विचारत असे. विचारत विचारत जात असे.

बेंगळुरात मिलिटरी हॉटेल म्हणजे मटणाची खानावळ. तसलं एक मार्केटच्या बाजूला होतं, गल्लीच्या आत. शनिवारी कचेरी अर्धीच असायची. तिथून मी थेट तिकडे. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात शिवत नव्हते. वडील — त्यांना आम्ही दादा म्हणायचो — सोवळ्यात पूजा करणारे, कडक, आवाज खणखणीत. त्यांचा मुलगा मिलिटरी हॉटेलात रस्सा ओरपतोय, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. हॉटेलवाले मराठेच होते, गल्ल्यावर मराठीतच बोलायचे. म्हणून मी तिथे चुकूनही मराठी बोललो नाही. न जाणो, ‘कुठले तुम्ही?’ म्हणून विचारायचे. मान खाली घालून कानडीत मागवायचं, खायचं, विड्याचं पान चघळत बाहेर पडायचं.

तो रस्सा तुंगक्कांच्या आमटीपेक्षा चांगला होता का? नव्हता. हे मी तेव्हाही जाणून होतो. पण तिथे मी कुणाचाच मुलगा नव्हतो, कुणाचा अण्णा नव्हतो. त्या तासाभरासाठी मी जायचो, असं आज वाटतं. कदाचित हेही मी नंतर रचलं असेल. मटण आवडायचं म्हणून जायचो, बस्स.

एकदा दादा चार दिवसांसाठी बेंगळुरात आले. माझ्यासाठी मुलगी बघायची होती. शुक्रवारी रात्री त्यांना तुंगक्कांकडे जेवायला नेलं. दादा सहसा परक्याच्या हातचं खात नसत, पण त्यांनी अक्कांचं स्वयंपाकघर पाहिलं, देवघर पाहिलं, आणि निमूट पाटावर बसले. आमटी दोनदा मागून घेतली. शनिवारी त्यांचा मारुतीचा उपास. दिवसभर ते मुलीकडच्यांकडे बोलणी करायला गेले, आणि मी — वडील गावात असताना, त्याच शनिवारी — मार्केटच्या गल्लीत गेलो. एक शनिवार टळला असता तर काय बिघडलं असतं?

त्या दिवशी मी काळीज-फुप्फुसाचं काहीतरी मागवलं. पहिल्या घासालाच वास आला. तरी खाल्लं, परत पाठवायचं तर बोलावं लागलं असतं.

संध्याकाळी तुंगक्कांकडे गेलो तेव्हा बाकीचे जेवून गेलेले. भूक अजिबात नव्हती. पण गेलो नाही तर अक्का खोलीवर विचारायला येतील आणि दादांशी गाठ पडेल, म्हणून बसलो. त्यांनी माझ्यासाठी पातेल्याच्या तळाशी आमटी राखून ठेवली होती. “तळाची दाट असते अण्णा,” म्हणून सगळी वाढली. मी कशीबशी संपवली.

पहाटेपासून उलट्या. रविवार उजाडला तेव्हा मी अर्धमेला झालो होतो. दादा माझं कपाळ धरून बसलेले — हा कडक माणूस माझी घाण स्वतःच्या हातानं काढत होता — आणि त्यांनी विचारलं, काल काय खाल्लंस?

बघा, इथपर्यंत यायला मला किती वेळ लागला.

मी म्हणालो, “काही नाही. अक्कांचीच आमटी. तळाची होती... कळकली असावी.”

पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की आत आंबट कळकतं आणि खाणाऱ्याला बाधतं, हे त्या काळी पोराटोरांनाही माहीत होतं. म्हणून तर ते माझ्या तोंडी इतकं सहज आलं. मी विचार करून बोललो का? नाही. पण ‘तळाची’ हा शब्द मी विचार करून घातला. बाकीच्यांना काही झालेलं नव्हतं, त्याचं उत्तर मला आधीच हवं होतं. तापानं भ्रमलेला माणूस एवढा हिशेबी असतो का?

दादा तडक तिकडे गेले. सकाळची पंगत बसली होती. सगळ्यांच्या देखत ते काय बोलले, ते मला नंतर कळलं. माणूस मारायला निघालात का, बाई. कल्हई लावायला होत नसेल तर खानावळ कशाला घालता. तुंगक्कांनी पातेलं उंबऱ्याशी उजेडात आणलं. कल्हई चकचकीत होती. दादा म्हणाले, तळाच्या कडेला नीट बघा. अक्कांनी नखानं खरवडून बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मग — हे मला सगळ्यात जास्त लागतं — मग त्या म्हणाल्या, “असेल हो. मला डोळ्यांनी कमी दिसतंय हल्ली.” स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. अण्णा कशाला खोटं बोलेल?

दुपारी त्यांनी माझ्यासाठी पेज पाठवली. मातीच्या मडक्यात शिजवलेली, वर चिमूटभर मीठ. दादा गावाला परत जाईपर्यंत रोज पाठवली. मी ती प्यालो. तीच पोटात ठरायची.

सोमवारी पंगतीतल्या दोघांना मळमळायला लागलं. आधीच तसं ऐकल्यावर कुणालाही मळमळतं. आठवड्याभरात निम्मे लोक हॉटेलात जायला लागले. तुंगक्कांनी घरातली झाडून सगळी पितळेची भांडी कल्हईला दिली. आणि राहिलेल्यांपैकी एकानं मला जे सांगितलं, ते ऐकून मी हसल्यासारखं केलं होतं: त्या आता आमटी झाली की आधी स्वतः वाटीभर पितात, तासभर थांबतात, काही होत नाही ना बघतात, आणि मग पानं मांडतात. नैवेद्याच्या आधी. जन्मभराचा नेम त्या बाईनं माझ्या एका वाक्यासाठी मोडला, आणि मी पुढचे तीन महिने गल्लीच्या दुसऱ्या टोकानं ये-जा केली.

त्या तीन महिन्यांत मला एकदाही वाटलं नाही का, की जावं आणि सांगावं? वाटलं की. रोज वाटायचं. पण लग्न ठरलेलं, मुलीकडचे कर्मठ. लग्न झाल्यावर सांगू, असं ठरवलं. लग्न झालं. तोवर खानावळ बंद झाली होती आणि तुंगक्का मल्लेश्वरमला दिराच्या घरी राहायला गेल्या होत्या. मग वाटलं, आता सांगून त्यांना काय मिळणार? पुढे दादाही वारले. मग तर मला भ्यायला कुणी उरलंच नाही. कचेरीतले अर्धे लोक उघड उघड मिलिटरी हॉटेलात जायला लागले, मीही त्यांच्याबरोबर जायचो आणि मराठीत मागवायचो. तरी सांगितलं नाही. म्हणजे ते भय दादांचं नव्हतंच, नाही का? आपण असे आहोत हे कुणाला कळू नये, एवढंच होतं.

त्यांच्या दिराचा मुलगा पुढे आमच्याच कचेरीत लागला. तोवर तुंगक्कांना साठी उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. त्यानं एकदा घरी जेवायला बोलावलं. कुणाचं घर ते मला माहीत होतं. तरी गेलो. कदाचित आज सांगून टाकू, असंही मनात होतं. ट्रॅफिकमध्ये बस रखडली तेव्हा मी वाक्यंसुद्धा जुळवत होतो.

तुंगक्का मागच्या पडवीत बसून खोबरं खवत होत्या. बऱ्याच वाळलेल्या दिसल्या. पानं मांडली, आमटी आली — पातळ, मिठाला कमी, भरडलेला मसाला दाताखाली येणारी. घरच्या सूनबाई मला वाढता वाढता म्हणाल्या, “आमच्या अक्कांचा हात एके काळी फार चांगला होता म्हणतात. पण त्यांच्या हातून कुणालातरी बाधलं होतं, म्हणून आम्ही त्यांना चुलीकडे जाऊ देत नाही. चिरणं, खवणं करतात बिचाऱ्या.” तिचा नवरा एकदम म्हणाला, “अगं, ते हेच ना. तुम्हीच ना हो ते?”

सगळे माझ्याकडे बघत होते. खोबरं खवायचा आवाज थांबला होता. मला एकच शब्द बोलायचा होता — ‘नाही’ — आणि मग त्याच्यामागून बाकीचं आपोआप बाहेर आलं असतं.

मी म्हणालो, “हो. पण आता त्याचं काय.”

हात धुवायला मागे गेलो तेव्हा तुंगक्का उठून उभ्या राहिल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, “पोट कसं आहे आता, अण्णा?”

“बरं आहे, अक्का.”

“त्या दिवशी मी भांडं नीट बघायला हवं होतं. रोज मनात येतं. तुमच्याकडे येऊन सांगावं म्हटलं, पण तोंड नव्हतं मला.” आणि त्या माऊलीनं माझ्यापुढे हात जोडले.

आजूबाजूला कुणी नव्हतं. माझ्या हाताला अजून त्या आमटीचा वास येत होता. मी त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले आणि अगदी मायेनं म्हणालो, “जाऊ द्या अक्का, मी कधीच मनात ठेवलं नाही.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी वर्षांनी त्यांना हलकं वाटलं असणार. मी त्यांना माफ करून पुढच्या खोलीत गेलो, आणि विडा घेतला.