उन्हात मांडलेल्या हिरव्या बाटल्या

भावाच्या हळदीतला तो वास आठवला तरी मला आजही मळमळतं. शी! चिचुंद्री मरून पडावी तसला वास, आणि तो बियरचा.

आमच्या कामतघर गावच्या आगरी हळदीत दारू असतेच, त्यात लपवाछपवी नाही. आमच्या घरात पहिली बाटली थोरल्या माणसासाठी फोडायची. तो प्यायला की मग बाकीच्यांनी हात लावायचा. थोरले म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. शेत गोडाऊनवाल्याला विकण्यावरून दोघांचं असं फाटलं, की समोरासमोर दारं असून वर्षानुवर्षं बोलणं नाही. आई गेली तेव्हाही काका येऊन बसले, पण बाबांशी अवाक्षर बोलले नाहीत. हळदीला मात्र येतो म्हणाले. बाबा तेव्हापासून एकच घोकत होते, "दादा माझ्या हातचा ग्लास घेईल ना गं?"

बियरचं काम आमच्या ह्यांनी अंगावर घेतलं. जावई ना! बाबांनी सांगितलेल्या साध्या तपकिरी बाटल्या ह्यांना चालेनात. "काय खोकल्याचं औषध वाटायचंय?" म्हणे. हिरव्यागार बाटल्या आणल्या, फॉरेनच्या दिसतात म्हणून. आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून सकाळीच मांडवाबाहेर टेबलावर त्यांचा मनोरा रचला, ऐन उन्हात. मी म्हटलं, अहो, सावलीत तरी ठेवा. तर म्हणे, "संध्याकाळी बर्फात टाकली की गार. तुला काय कळतंय?" असल्या मिरवण्याची मला किळस येते, आणि तो माणूस घरातलाच असला की जास्तच.

बियर उन्हात नुसती तापत नाही, उजेडानं नासते, हे मी नंतर वाचलं. तिच्यात जे कडू असतं त्यालाच उजेड बाधतो. हिरवी काच उजेड आत सोडते, तपकिरी बराचसा अडवते, कॅनमध्ये तर तो शिरतच नाही. आणि एकदा नासली की बर्फात बुडवून काडीचा उपयोग नाही.

संध्याकाळी बॅन्जोवाल्यांचं वाजवणं थांबवलं. बाबांनी बाटली फोडली, ग्लास भरून पुढे केला. काकांनी एक घोट घेतला आणि पचकन थुंकले. ग्लास टेबलावर आपटला आणि चपला शोधायला लागले. सगळ्यांना वाटलं, बाबांनी मुद्दाम केलं. आणि आमचे हे? बाटली हुंगत म्हणत होते, "कंपनीचाच माल खराब."

बाबांनी तोच ग्लास उचलला. "दादा, बघ, मी पण हीच पितो," म्हणाले आणि घटाघटा प्यायले. उमासे येत होते, फेस हनुवटीवरून गळत होता, तरी थांबेनात. ग्लास संपला तर बाटलीच तोंडाला लावली. मला बघवेना.

काका चपला घालून गेटापर्यंत गेले होते. ते मागे वळले, तरातरा आले आणि बाबांच्या हातातली बाटली हिसकावली.

"टाक ती!" ते ओरडले. "मराचा हाय का तुला?"

बाबा खुदकन हसले आणि काकांच्या चपलांवरच ओकले. काका जागचे हलले नाहीत. बाबांची पाठ चोळत तसेच उभे राहिले.