ओढणीवाली वावटळ

पालमच्या शिवरंजनीला लहानपणी पायाच्या दुखण्यामुळे पळता यायचं नाही. शाळेत खेळाच्या तासाला ती ओट्यावर बसून पोरींची चित्रं काढायची. त्यांत राजेश्रीच जास्त असायची. खो-खोत ती कुणाच्या हाती लागत नसे.

आठवीत असताना एका दुपारी शाळेच्या वडावरचं आग्यामोहोळ उठलं. पोरी ओरडत वर्गांकडे पळाल्या, शिवरंजनी ओट्यावरच राहिली. दारापर्यंत पोचलेली राजेश्री मागे वळली. आपली ओढणी तिनं शिवरंजनीच्या अंगावर टाकली आणि तिला पाठीवर घेऊन वर्गात आणलं. शिवरंजनीला थोड्याच माशा चावल्या. राजेश्रीचं तोंड मात्र असं सुजलं, की घरी आईनंही तिला आधी ओळखलं नाही.

पुढे शिवरंजनी चित्रकला शिकली आणि पुण्याच्या एका प्रकाशनाच्या कॉमिक मालिकेसाठी घरूनच चित्रं काढू लागली. मालिकेतले सगळे नायक पुरुष. गेल्या वर्षी संपादकांचा फोन आला, "पंधरा-सोळा वर्षांची नायिका आणायचीय. अचाट शक्तीची. सुचतंय काही?"

त्याच संध्याकाळी शिवरंजनीनं मुलगी काढून पाठवली. वाऱ्यासारखी धावणारी, कमरेला ओढणी बांधलेली. नाव 'वावटळ'. ओढणी पसरली की तिच्याखाली अख्खं गाव मावायचं. संपादकांना झगमगीत पोशाख हवा होता, पायात बूट हवे होते. बूट तिनं दिले, ओढणी काही सोडली नाही.

वावटळीचा पहिला अंक हातात आला, तशी शिवरंजनी एसटीनं झरीला गेली. राजेश्रीचं सासर तिथं. ती अंगणात हळद वाळत घालत होती. पदराला हात पुसून तिनं अंक घेतला. मुखपृष्ठावर वावटळ एका मुलीला पाठीवर घेऊन धावत होती.

"ही मी हाय का गं?"

"तूच."

सासू कमलबाई जवळ येऊन बघायला लागल्या. "अन् पाठीवर कोण हाय?"

"मी हाय, मावशी. हिनं उचललं म्हणून वाचले." शिवरंजनीनं राजेश्रीच्या खांद्यावर हात ठेवला. "लय दिवसांपासून हिला काहीतरी द्यायचं होतं. मला चित्रंच येतात."

राजेश्रीनं चित्रातल्या पाठीवरच्या मुलीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "त्यात काय एवढं? तू लय हलकी होतीस."

तिघीही हसल्या. कमलबाईंनी शिवरंजनीला जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. ताटं त्यांनाच वाढावी लागली, कारण सूनबाई उंबऱ्यावर बसून पुढची पानं वाचत होती.