आजारी माती जपणारी रझिया

रझिया गेल्याचा फोन आला तेव्हा मी नळाला पाणी यायची वाट बघत होते. "भाभी, रझिया गेली... सकाळी झोपेतच," एवढंच सलीमभाई, तिचे यजमान, बोलले. आमची घरं मुकुंदवाडीत एकाच गल्लीत. हंडा तिथंच ठेवून मी निघाले.

मी शाळेत मराठी शिकवायचे, ती एका लहानशा बियाणे कंपनीत पिकांचे रोग बघायची. आमच्या भागात कापूस आणि बाजरी, भाताशी संबंध ताटापुरता. तिचं काम मात्र कोकणातल्या भातासाठी चालायचं. भाताची कोवळी रोपं मातीतल्या बुरशीनं बुडाशी कुजतात आणि आडवी होतात. मग औषध टाकून माती शुद्ध करावी, असं मला आपलं वाटायचं. रझियाचं सगळंच उलटं. तिनं एक रोगट वाफा मुद्दाम सांभाळला होता. त्यात नाना वाणांचं बी पेरायचं, बहुतेक मरायचं आणि जे उभं राहील त्याच्या रक्तातच ताकद आहे असं धरायचं. "चांगल्या मातीत काय, सगळेच पहिलवान," ती म्हणायची.

त्या वाफ्यात एक वाण टिकला, पण त्याचा भात इतका जाड की कुणी खाईना. रझियानं बारीक तांदळाच्या वाणाशी त्याचा संकर केला. त्या संकराचं बी त्याच मातीत तपासायचं राहिलं होतं, तेवढ्यात कंपनीची जागा बिल्डरला गेली. तिनं वाफ्यातली माती टबांत भरून गच्चीवर आणली आणि वर दुष्काळ पडला. कडक उन्हात माती तापली तर बुरशी मरते, म्हणून ही बाई टबांवर ओली पोती टाकायची. पाणी कुठलं? आमच्याकडचं तांदूळ, भाजी धुतलेलं. टँकरसाठी हंडे घेऊन उभ्या असलेल्या माझ्या सासूबाई एकदा फणकारल्या, "माणसाला प्यायला नाय, अन् ही रोगाला पाणी पाजती."

"व्हय अम्मा," रझिया शांतपणे म्हणाली. "पण रोगच मेला तर कोणतं रोप टिकाऊ, कसं कळायचं?"

सासूबाईंना ते पटलं नाही. धुतल्या पाण्याची बादली मात्र त्या रोज बाजूला ठेवू लागल्या. मलाही राग यायचाच तिचा. तिला जे हवं असायचं ते ती मागून न्यायची, संकोच म्हणून नाही.

ती गेल्यावर घर पाहुण्यांनी भरलं. गच्चीवर कुणी फिरकलंच नाही. पोती वाळून कडक झाली. कोकणातला एक तरुण संशोधक तिचं बी आणि माती न्यायला तयार होता, पण मातीत रोग जिवंत असेल तरच. सलीमभाईंनी मला वर बोलावलं. "भाभी, मिट्टी मेली असंल तर त्याला येऊ नको म्हणतो. तिचं सगळं काम गेलं बघा..."

हमखास मरणाऱ्या वाणाचं बी तिनं बरणीत ठेवलं होतं. मातीत रोग उरलाय का बघायला ते आम्ही पेरलं, पाणी घातलं. रोपं उगवली, हिरवीगार, ताठ उभी. इतकं वाईट मला ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. सलीमभाई खाली निघून गेले.

दोन दिवसांनी गच्चीवरून त्यांची हाक आली. धावत गेले. ते टबापाशी बसले होते. रोपं माना टाकून आडवी झाली होती, बुडाशी काळी पडून.

"पडली, भाभी... सगळी पडली," ते म्हणाले. ती गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच कुणी हसत होतं.