जैसचा घाट आणि आमचे सेफ्टी ऑफिसर

इथे आखातात, फुजैरात, आमची मराठी घरं मोजून नऊ. कुणी फिरून आलं की बाकीचे आठ फोटो बघायला जमतात. आमचे फोटो मात्र कुणी मागत नाही. चहाचा पहिला घोट घेतला की सगळ्यांचं एकच, "वहिनी, भाऊजींनी या वेळी काय केलं ते सांगा!" आमचे हे इथल्या बंदरात सेफ्टी ऑफिसर. अशा माणसाबरोबर संसार केला की किस्से साठणारच, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

*

डिसेंबरच्या लाँग वीकेंडला आम्ही दोघंच रास अल खैमाच्या डोंगरांत निघालो. निघण्यापूर्वी यांनी मला पार्किंगमध्ये गाडीपुढे उभं केलं. काम सुरू करण्याआधी कामगारांना धोके समजावून सांगतात, तसं मला सांगायचं होतं.

"आजचे तीन मोठे धोके कोणते?"

"डोंगर, दगड आणि तुम्ही!"

यांनी तिन्ही लिहून घेतले आणि खाली माझी सही घेतली. शारजात शिकणारी आमची लेक व्हिडिओ कॉलवर हे बघत होती. म्हणाली, "बाबा, इट्स अ हॉलिडे, नॉट ॲन ऑडिट!"

*

या ट्रिपमध्ये मला एकच गोष्ट हवी होती, स्टिअरिंग. सहाव्या टेस्टला लायसन्स मिळालं तेव्हा मी परीक्षक बाईंच्या गळ्यातच पडले होते. त्याला आठ महिने झाले. तेव्हापासून माझी धाव सुपरमार्केटपर्यंत, तीही हे शेजारी हँडब्रेक धरून बसलेले! जेबेल जैस, म्हणजे इथला सगळ्यात उंच डोंगर, त्याचा घाट मला स्वतः चालवायचा होता. मी वरवर हसत होते, पण आत खूप लागलं होतं.

"हायवेवर देता?"

"ट्रेलर असतात."

"डोंगराच्या पायथ्याशी?"

"दगड असतात."

"घाटात?"

"वळणं!"

"मग मी चालवायची तरी कुठे?"

"आपल्या पार्किंगमध्ये. तिथे छान चालवतेस!"



*

दुपारी एका वादीत, म्हणजे डोंगरातल्या कोरड्या ओढ्यात, दशम्या सोडल्या. शेजारी यांचा चार पानी इमर्जन्सी प्लॅन, दगडाखाली नीट दाबून ठेवलेला. एक शेळी आली. दशमीला तिने तोंडही लावलं नाही. प्लॅन मात्र पहिल्या पानापासून क्रमाने खाल्ला.

हे हवालदिल. "आता काही झालं तर काय करायचं?"

"शेळीला विचारायचं!"

*

दुसऱ्या दिवशी ट्रेकला यांनी दोघांना हेल्मेटं आणि बंदरावरची चमकत्या पट्ट्यांची केशरी जॅकेटं घालायला लावली. वाटेत एक पिकअप थांबली. आत एक म्हातारे अरबी आजोबा. आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "हबीबी, ये रोड का काम कब खलास?"

मी तोंड उघडणार तोच हे गंभीरपणे म्हणाले, "इन्शाल्ला, अगले हफ्ते!"

आजोबा इतके खूश झाले की थर्मासमधला गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, पाजून, मूठभर खजूर देऊन गेले. तो रस्ता अजून तसाच असेल, म्हणून त्या बाजूला आम्ही पुन्हा जात नाही.

*

शेवटच्या दिवशी जैस. घाट यांनीच चढवला. वर पोहोचल्यावर मी कठड्याशी गेले आणि यांना हाक मारली. हे आले, खाली डोकावले आणि दोन्ही हातांनी रेलिंग पकडून तिथेच खाली बसले. चेहरा पांढराफटक.

"अहो, काय होतंय?"

"पाय हलत नाहीत."

"बंदरात लोकांना एवढ्या उंचावर चढवता ना?"

"मी खालून बघतो गं!"

पाणी पाजलं, पाठीवरून हात फिरवला. अर्ध्या तासाने कसेबसे उठले. गाडीपाशी आल्यावर खिशातून किल्ली काढली आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातावर ठेवली. आरसे लावले, पट्टा ओढला, गिअर खाली टाकला. एकामागून एक वळणं, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. माझ्या छातीत धडधडत होतं आणि गाणंही म्हणावंसं वाटत होतं. शेजारून एक सूचना नाही!

पायथ्याशी गाडी थांबवली. वर निघालेल्या एका गाडीतल्या माणसाने काच खाली करून यांना विचारलं, "भाईसाब, ऊपर का रास्ता कैसा है?"

हे म्हणाले, "मैडम से पूछिए. मेरी तो आँखें बंद थीं!"