कार्टूनमधली आई

"चालतंय की!" कुणी काहीही म्हणो, ब्रश लुंगीला पुसत पेंटर एवढंच म्हणायचे. दुकानाची अख्खी पाटी रंगवून झाल्यावर मालक म्हणायचा, लाल नको, हिरवी करा. चालतंय की. कुणालाच नाही न म्हणणारा असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. आमच्या कंधारच्या गल्लीतले हे पेंटर आता लातूरला राहायला गेले. त्यांच्या दाराला कुलूप आहे.

आमची भिंत एकच होती. ते कामाला गेले की त्यांच्या आईकडे मी बघायची. मावशी जन्मापासून मुक्या-बहिऱ्या. मायलेकांचं सगळं बोलणं हातांनी चालायचं, भांडणसुद्धा. मी शिलाई मशीन थांबवून बघत बसायची. हळूहळू थोडं मलाही कळायला लागलं.

पाट्यांच्या कामातून वेळ मिळाला की पेंटर चित्रांची गोष्ट काढायचे. झुंबर नावाची पोरगी आणि तिची मुकी आई. मुलांच्या मासिकात ती छापून यायची. बाकी सगळ्यांच्या तोंडाजवळ बोलण्याचा फुगा, आईजवळ कधीच नाही. तिचे हात मात्र मोठे काढलेले, बोट न् बोट बोलणारं. मनगटावर भाजल्याचा डाग, मावशींच्या मनगटावर होता तसाच. मी चौथी शिकलेली, फुगे वाचताना अडखळायची. मावशी पान बघून माझ्याआधी हसायच्या. त्यांनी आयुष्यात वाचलेली ती एकच गोष्ट.

मग त्या गोष्टीचं कार्टून करणाऱ्यांचा मुंबईहून फोन आला. टीव्हीवर येणार म्हटल्यावर पेंटरनी आईला लगेच हातानं सांगितलं, आणि मावशींनी सगळ्या गल्लीला. पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. पेंटर ओट्यावर उभे होते. फोन मोठ्या आवाजात लावायची त्यांना सवय.

"पोरांना नुसते हात समजायचे नाहीत हो. आई बोलती केली तर?"

पेंटरनी हातातला ब्रश लुंगीला पुसला. मग म्हणाले, "चालतंय की, साहेब."

फोन ठेवला आणि त्यांना मी दिसले. "वैनी, आईला सांगू नका बरं."

"मी कशाला सांगू? पण टीव्हीवर दिसंलच की."

"तवाचं तवा बघू."

काही महिन्यांनी एका रविवारी दहाला कार्टून लागणार होतं. सकाळी नऊपासूनच मावशी इरकल नेसून टीव्हीपुढं बसल्या. मलाही हाताला धरून शेजारी बसवलं. पेंटर आत-बाहेर करत होते, सदरा पाठीला चिकटलेला. दहाला पाच कमी असताना त्यांनी टीव्हीची पिन काढली आणि आईला हातानं सांगितलं, लाईट गेली.

मावशींनी वर बघितलं. पंखा गरगर फिरत होता.

मला हसू फुटणार होतं, पण पेंटरचा चेहरा बघून तोंडाला पदर लावला. "लावा की आता," मी हळूच म्हटलं.

"तिला कळलं तर, वैनी?"

"कळायचंच हाय."

त्यांनी पिन लावली. कार्टून सुरू झालं. झुंबर शाळेतून पळत आली, दारात आई उभी. तीच साडी, तोच मनगटावरचा डाग. मावशींनी मला कोपरानं ढोसलं, ही बघ मी. आणि त्या आईचं तोंड उघडलं. ती बोलायला लागली, गोड आवाजात, भरभर. हात नुसते कडेला लोंबत होते.

मावशींचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. त्या उठल्या, टीव्हीजवळ गेल्या आणि काचेवर तळहात ठेवून त्या बाईचं तोंड झाकलं. तिचे हात काही सांगतात का, ते बघत राहिल्या. हात हलले नाहीत.

मग त्या लेकाकडं वळल्या. स्वतःची दोन्ही मनगटं पुढं केली, टीव्हीकडं बोट दाखवलं आणि रिकामे तळवे हलवले. एवढं मलाही कळलं. माझे हात कुठं गेले?

पेंटर खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. त्या घरात याला गप्प बसणं म्हणतात.

मावशींनी वाकून त्यांचा एक हात ओढून काढला, मग दुसरा. आणि थांबल्या. पेंटरनी स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं, मग ओंजळ पुढं करून उघडली. मी दिले.

ते आणखी काही सांगणार होते. मावशींनी त्यांची मनगटं धरली, गच्च. आता दोघांनाही बोलता येईना. टीव्हीतली बाई तेवढी बोलत होती.