मामाची केंद्रकी

गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो. पेशीतल्या एका ठिपक्यात जीव अडकलेला माणूस जगात एकच, आणि तो माझा मामा आहे. कन्हानच्या शाळेत जन्मभर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाला, पण त्याचा तास काही संपलेला नाही. लग्नाच्या पंगतीत तो वाढप्यालासुद्धा धरतो. "पेशीत केंद्रक, केंद्रकात केंद्रकी. तिले ना भिंत ना दार, तरी जागा सोडत नाही. रायबोझोमचे भाग तिथंच घडतात, म्हणून अंगात प्रथिनं बनतात. अन् नाव होते केंद्रकाचं!" वाढपी पातेलं धरून उभाच. मामी म्हणते, "त्याले जाऊ द्या जी, भाजी थंडी होऊन राहिली." त्यावर मामा खूश होऊन सांगतो, "ही आमच्या घरची केंद्रकी." मामी लाजून पदर सारखा करते.

एकदा आम्ही घराजवळच्या स्टँडवरच्या ऑटोत बसलो होतो. मामा फोनवर एका जुन्या विद्यार्थ्याला समजावत होता. "केंद्रकी दिसून नाही राहिली? घाबरू नको गा. वाटणीच्या वेळी ती गायब होतेच. मग येते परत." ऑटोवाल्याने गाडीच बाजूला घेतली. "वाटणी कोणाची बी असो काका, बाईमाणूस घरातून गेली म्हंजे पोलिसात कळवा न जी!" हसून हसून माझं पोट दुखलं. मामाने मात्र सीताबर्डीपर्यंत त्याला पेशीविभाजन समजावलं.

मागच्या हिवाळ्यात मामीच्या छातीत गाठ लागली. धंतोलीच्या दवाखान्यात तुकडा तपासायला दिला आणि मामाची बोलतीच बंद झाली. कर्करोगाच्या पेशीत केंद्रकी बरेचदा फुगून ठळक दिसते, हे त्याच्याइतकं आमच्यात कोणाला ठाऊक होतं? जिचे जन्मभर गोडवे गायले तीच ठळक दिसू नये, म्हणून हा बाबा देवाला हात जोडून बाकावर बसला होता. मला त्या गाठीपेक्षा त्याच्या गप्प बसण्याची भीती वाटली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ साधी आहे. मामाने एवढंच विचारलं, "अन् केंद्रकी?"

"लहानशीच आहे, सर. असावी तशी."

खाली तोच स्टँडवरचा ऑटोवाला आम्हाला न्यायला आला होता. मामी आत बसताच त्याला आठवलं. "काका, त्या केंद्रकीचं काय झालं जी? आली का घरी?"

मामाने मामीकडे पाहिलं. "घरीच चालली आहे गा. हळू चालव."

मामीने पदर सारखा केला. घर येईपर्यंत मामाने कोणालाच काही शिकवलं नाही.