मोलगीच्या चढावर सरकलेला पट्टा

अक्कलकुव्याहून सकाळी निघताना पेट्रोलपंपावरच्या माणसाने विचारलं, "एकट्याच मोलगीला?" मी म्हटलं, "गाडी आहे की." तो नुसता हसला. घाट लागल्यावर त्या हसण्याचा अर्थ कळला. पानं गाळून उभे असलेले साग, एकामागून एक वळणं आणि टपापर्यंत माणसांनी भरलेल्या जीपगाड्या. माझी छोटी गाडी मात्र कुरकुर न करता चढली.

मोलगीत बाजाराचा दिवस होता. गाडी लावायला जागा मिळाली ती चढावर. हँडब्रेक ढिला, म्हणून एका जीपवाल्याच्या सांगण्यावरून गाडी गिअरमध्ये ठेवली आणि मागच्या चाकाला दगड लावला. मग निवांत हिंडले. बांबूच्या टोपल्या, कोंबड्या, उन्हात सुकवलेल्या आमचुराचे ढीग. दादरची (खानदेशी ज्वारीची) भाकरी आणि उडदाची घट्ट डाळ खाल्ली. तशी डाळ मला घरी कधी जमलेली नाही.

परत येऊन गाडी सुरू केली, तर इंजिन थरथरायला लागलं आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागला. माझ्याकडे दोष वाचणारं छोटं यंत्र असतं. ते जोडलं. मोबाइलवर कोड आला, पी-००१६. म्हणजे झडपा उघडणारा कॅमशाफ्ट आणि खालचा क्रँकशाफ्ट यांचा मेळ बसत नव्हता. दोघांना बांधणारा दातेरी पट्टा घाटात आणखी घसरला असता, तर झडपा पिस्टनवर आदळून इंजिन भंगारात गेलं असतं. पण कधीकधी नुसता सेन्सर बिघडला तरी हाच कोड येतो, आणि मला तेच हवं होतं.

लिंबाखाली भटूभाऊ नावाचे मेकॅनिक जीप दुरुस्त करत बसले होते. दर बाजाराला ते हत्यारांची पेटी घेऊन खालून येतात.

"सेन्सरच व्हई, ताई. मी आते करी देस," ते म्हणाले. सेन्सरची पिन काढली, पुसली, पुन्हा लावली. मी कोड पुसला. दिवा विझला. जमलेल्या लोकांनी माना डोलावल्या.

"निघू मग?" मी विचारलं.

भटूभाऊ बोनेटवर हात ठेवून थरथर बघत राहिले. "दिवा गया, पन बिमारी नही गई. ही गाडी मांगे सरकनी व्हती का?"

"नाही. दगड लावला होता."

शेजारी आमचूर विकणारी बाई उठली. भटूभाऊंनी तिला जमनाबाई म्हणून हाक मारली. "दगड मी घेतला," ती म्हणाली. "चुलीला तिसरा नव्हता. गाडी मागे आली, धक्के खात. आम्ही बायांनी धरली, दुसरा दगड लावला."

"मंग आधी सांगता येत नव्हतं?" एक जीपवाला म्हणाला.

"आधी कोणी विचारलं? तू तर दिवा बघत होता."

बाया हसल्या. भटूभाऊंनी इंजिन बंद करायला लावलं. गिअरमधली गाडी मागे गेली की इंजिन उलटं फिरतं, आणि जुना पट्टा तेवढ्यात दात सोडतो. वरचं झाकण काढलं. क्रँकची खूण जागेवर होती, कॅमच्या चाकाची एक दात सरकलेली.

"मन्ही चूक. सेन्सर बिचारा नीट शे," ते मोकळेपणाने म्हणाले आणि त्यांनी अक्कलकुव्याला फोन लावला. पुढच्या जीपने नवा पट्टा आला, ड्रायव्हरच्या आरशाला हारासारखा अडकवलेला. मी टॉर्च धरला. जमनाबाईने त्याच चुलीवरचा काळा चहा आणून दिला. खुणा जुळवून गाडी सुरू केली, तेव्हा बोनेटवर ठेवलेला पेला हललासुद्धा नाही.

निघताना मी जमनाबाईला विचारलं, "दगडावरून मी भांडले असते तर?"

"भांडली असती," ती म्हणाली. "पण गाडी घाटात बंद नसती पडली."

घरी परतल्यावर गाडी आमच्या नेहमीच्या मेकॅनिकला दाखवली. काम चोख आहे म्हणाला. पट्टा कसा सरकला, विचारलं. मी दगडाचं सांगितलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"जिने काढला तिनेच सांगितलं."

"हे सहसा कोणी सांगत नाही, मॅडम."

"मोलगीत सांगतात," मी म्हटलं.